दोराच्या गाठी

श्रीरंगला कानडी येतं ते दोनच शब्दांचं: इन्नू स्वल्प. आणखी थोडं. दूधवाल्याला तेच, भाजीवाल्याला तेच. सत्त्याण्णव साली बंगलोरला के. आर. पुरममध्ये घर बांधलं, तेव्हा बोअरच्या गाडीवाल्यालाही तेच ऐकवलं. तीनशे फुटांवर पाणी लागलं होतं, पण माझ्या पुणेकर नवऱ्याचं समाधान व्हायला नको? चारशे ऐंशीला जाऊन थांबला.

शेजारच्या सगुणाबाईंची विहीर चाळीस फूट. मराठीच माणसं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथली. घर होईपर्यंत आम्ही त्यांचंच पाणी प्यायलो. पहिल्या दिवशी मी कळशी घेऊन विचारायला गेले, तर म्हणाल्या, "पाण्याला काय विचारतीस गे? घेऊन जा."

आमची बोअर सुरू झाली आणि महिन्याभरात त्यांच्या दोराला गाठ पडली. पाणी खाली गेलं, म्हणून त्यांनी दोराला तुकडा जोडला होता. गाठ रहाटावरून जाताना टक्‌ वाजायची. मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मार्चमध्ये एक टक्‌, मग दोन. एप्रिलमध्ये चार. पाचवी वाजते की काय, म्हणून पोळी लाटता लाटता माझे हात थांबायचे.

"मोटर एकच वेळ लावू या," मी श्रीरंगला म्हटलं.

"आपल्या साइटखालचं पाणी आहे, उल्का. त्यांची विहीर उन्हाने आटतेय." एवढं बोलून स्वारी मारुती धुवायला गेली. मी तरी कुठली साध्वी? लॉनवर पाइप मीच धरत होते.

मे महिन्यात एका सकाळी सहा गाठी वाजल्या आणि बादली तळाच्या दगडावर आपटली. मी गॅस बंद केला.

थोड्या वेळाने सगुणाबाई घागर घेऊन दारात आल्या. "उल्का, स्वल्प पाणी देतीस काय गे?"

ज्या बाईने मला विचारूही दिलं नव्हतं, ती विचारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अंगणातला नळ पुरता सोडला. घागर अर्धी भरताच त्या म्हणाल्या, "साकु."

"इन्नू स्वल्प घ्या ना!"

"साकु म्हटलं ना."

"म्हणजे काय हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिरव्यागार लॉनकडे.

"पुरे," म्हणाल्या, आणि नळ त्यांनीच बंद केला.