कापणाऱ्याच्या कडा

माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, हे आता महाळुंगे पडवळच्या एस.टी. स्टँडलासुद्धा माहीत आहे! पण गेल्या आखाडापर्यंत वर्गासमोर उभं केलं की मी ठप्प. हातांचं काय करायचं तेच कळायचं नाही. मढ गावाहून इथं उज्ज्वलामावशीकडे शिकायला आले, आणि ओढणीला पीळ घालत उभी राहायचे म्हणून वर्गातल्या स्वराजनं माझं नाव ‘मुकी मोहिनी’ ठेवलं.

त्यातच मॅडमनी सांगितलं, "घरातला एक शब्द आणा. तो कुठून आला ते शाळेसमोर पाच मिनिटं सांगा." मी जोशात ‘कापण्या’ लिहून दिलं. मावशी आखाड तळत होती ना!

गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक ती लाटत होती, वर खसखस. मग शंकरपाळ्यांसारखं कापून तळायचं.

"मावशी, कापण्या हा शब्द कुठून आला गं?"

"सुरीतून. भात कापला की कापणी, पोळी कापली की कापण्या. संपलं."

संपलं? मग पाच मिनिटं मी काय करणार? "मी नाव मागं घेते," मी रडकुंडीला आले.

"घे. पण आधी ही पोळी काप, सुकतीये."

कापता कापता मी सुटलेच. मढला आई खसखस लावत नाही, भाताच्या आवणीला जाताना कापण्या फडक्यात बांधून नेते, चिखलात उभं राहून खाते. इथल्या पातळ, कुरकुरीत. आमच्या जाड, दाताची परीक्षा घेणाऱ्या...

मावशीचं लाटणं थांबलं. "बया! हाताला काम असलं की कशी बोलतीस! शाळेत पोळपाटच ने."

"हसतील गं."

"हसू दे. लई हसंल त्याला एक कापणी दे."

मी पोळपाट, लाटणं, सुरी आणि कणकेचा गोळा घेऊन उभी राहिले. स्वराज ओरडलाच, "ए, हाटेल टाकलं का?" सगळे हसले. मी पोळी लाटली आणि सुरी टेकवली. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी सरळ आली, आणि तिच्यामागून शब्द आले. मध्येच ‘व्हतं’ म्हणाले. दुरुस्त नाही केलं!

शेवटी स्वराजनंच विचारलं, "कापून उरलेल्या या वाकड्या कडांना काय म्हणतात?"

"नाव न्हाई त्यांना. पण आमी त्या परत मळत न्हाई. जी कापते, तिच्या."

टाळ्या! सगळ्यात जोरात त्याच्याच.

घरी मावशीनं माझ्या कापण्या तळायला घेतल्या. मी तिचे आभार मानायला उभी राहिले. वाटेत सगळं पाठ केलं होतं. पण हात रिकामे, आणि मी परत ठप्प!

तिनं कढईतल्या कडा निथळल्या, फुंकर मारली, माझ्या ओंजळीत टाकल्या.

"हं, आता बोल."

मग काय, तोंड भरलेलं असतानाच बोलले. सगळं.