छान म्हणणाऱ्यानं बादल्या धुवायच्या

"छान!" मेट्रनबाई म्हणाल्या आणि मामांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली.

प्लास्टररूमच्या कोपऱ्यात स्टुलावर एका बाईचं डोकं ठेवलेलं होतं. पांढरंशुभ्र, प्लास्टरचंच. मामांनी ते वर्षभर खपून घडवलं होतं आणि ते त्यांच्या बायकोचं होतं. मेट्रनबाईंनी त्याच्या गालावरून कौतुकानं बोट फिरवलं.

"काय गुळगुळीत केलंय हो मामा! संगमरवर म्हणून खपेल. छान, छान."

"चुकलंय काय, ते सांगा," मामा म्हणाले.

"अं?"

"काहीतरी चुकलंय यात. मला सापडत नाहीये. तुम्हाला दिसतंय का काही?"

"इश्श, इतकं छान तर झालंय! उगाच कशाला चुका शोधताय?" असं म्हणत बाई राउंडला निघूनही गेल्या. मामांनी हातातला ओला रोल बादलीत आपटला. पाणी उडून स्वतःच्याच चष्म्यावर आलं, तेव्हा त्यांना आणखी राग आला.

हॉस्पिटलात त्यांना सगळे मामाच म्हणत. मोडक्या हातापायांना प्लास्टर घालण्यात त्यांची हयात गेली होती. रोल पाण्यात सोडायचा, बुडबुडे थांबले की काढून हलका पिळायचा, कापसावरून गुंडाळत न्यायचा आणि ओला असतानाच तळहातानं चोळून एकसारखा करायचा. बोटं टोचवायची नाहीत. आत कुठं खळगा राहिला, कडा राहिली, तर पेशंटच्या कातडीला जखम होते. मामांच्या प्लास्टरखाली कधी कोणाला जखम झाली नाही. तो तळहात आता त्यांचं ऐकायचा बंद झाला होता. टेबलावर नुसते बोलत बसले, तरी तो आपला टेबल चोळत राही.

उरल्यासुरल्या प्लास्टरची डोकी करायचा नाद कधी लागला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण एकदा मनगट मोडून एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर शिल्पकला शिकवून निवृत्त झालेले. प्लास्टर सुकेपर्यंत त्यांनी खिडकीतलं एक डोकं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हे कोणी केलं?"

"मीच," मामा लाजत म्हणाले.

"फार वाईट आहे. रविवारी माझ्याकडे या."

सरांच्या गॅरेजमध्ये रविवारी पाचसहा जण जमत. तिथला रिवाज विचित्र होता. ज्याचं काम मधे ठेवलेलं असेल, त्यानं सगळ्यांकडे पाठ करून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनी काय चुकलंय तेवढंच बोलायचं. जो कोणी 'छान' म्हणेल, त्यानं त्या दिवशीच्या सगळ्या बादल्या धुवायच्या. पहिल्याच रविवारी मामांनी भिंतीकडे तोंड करून ऐकलं की मान बाटलीसारखी झालीय, डोळे बटणं लावल्यासारखे आहेत आणि या माणसाला कवटी आहे की नाही याचीच शंका येते. घरी येऊन ते जेवले नाहीत. पुढच्या रविवारी वेळेआधी हजर.

"शिव्या खायला जाताय?" बायकोनं विचारलं होतं.

"हो," मामा म्हणाले होते. कारण त्यांच्या हातच्या कुठल्याही गोष्टीकडे इतकं डोळे फाडून कोणी पाहिलंच नव्हतं. प्लास्टर घालून झालं की लोक आपल्या पायाकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे.

मग सरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गॅरेजला कुलूप लागलं. मामा एकदा भेटून आले आणि न बोलणारे सर त्यांना बघवले नाहीत, म्हणून पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला नुसतं कौतुक आलं होतं.

मेट्रनबाई येऊन गेल्या त्याच शनिवारी दुपारी मोठे डॉक्टर आले. सोबत नव्या इमारतीची सजावट करणाऱ्या मॅडम होत्या. सोमवारी नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि प्रवेशाच्या हॉलमध्ये कर्मचाऱ्यांच्या कलेला जागा द्यायची टूम निघाली होती. अकाउंटंटचा नाण्यांचा संग्रह, एका सिस्टरचं क्रोशाचं विणकाम आणि मधोमध मामांचं डोकं. वर पाटी: 'आमचे छंद'.

"ड्युटी सांभाळून हे सगळं! कमाल आहे मामांची," मोठे डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी मान तिरकी करून डोक्याकडे पाहिलं. "यात एक निरागसपणा आहे. शिकलेल्या माणसाला नाही जमत हे."

"मी शिकलोय," मामा म्हणाले. "काय चुकलंय ते सांगा ना. तुम्ही यातल्याच."

"अहो, कलेत चूक-बरोबर असं काही नसतंच. तुम्हाला आनंद मिळाला ना? मग झालं तर!"

झालं तर! मामांच्या तोंडात जे शब्द आले, ते त्यांनी गिळले, कारण टेबलावर एक पेशंट अर्धवट गुंडाळलेला पाय वर धरून वाट बघत होता. आनंद कसला डोंबलाचा! वर्षभर या डोक्यानं झोप उडवली होती. नाण्यांना कोणी चुकलं म्हणतं का? मग त्यांच्या शेजारी हे डोकं मांडणारी ही माणसं आपली थोरवी गातायत की थोबाडीत मारतायत, तेच त्यांना कळेना.

संध्याकाळी डोकं टॉवेलात गुंडाळून ते घरी घेऊन आले. बायकोनं पदराला हात पुसत टॉवेल बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही माझी धाकटी बहीण दिसतेय," ती म्हणाली. "तीसुद्धा लग्नातली. माझी दाढ काढल्यापासून हा गाल आत गेलाय, तो कुठाय?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळत. पण तोंड माझं आहे ना!" ती आत गेली आणि आतून भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

मामांचा त्या रात्री डोळा लागला नाही. रविवारी सकाळी डोकं मांडीवर घेऊन ते बसनं सरांकडे निघाले. शेजारच्या माणसानं टॉवेलाच्या फटीतून डोकावून "छान हं!" म्हटलं, तेव्हा मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

सर खिडकीपाशी खुर्चीत होते. सुनेनं मामांना ओळखलं. "या ना. आता थोडं बोलतात बाबा. पण एकच शब्द येतो, बरं का. पाणी हवं असलं तरी तोच, जेवण नको असलं तरी तोच. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं."

"कुठला शब्द?"

सून काही बोलायच्या आत मामांनी टॉवेल काढलाच होता. सरांनी डोक्याकडे पाहिलं. पुढून पाहिलं, वाकून बाजूनं पाहिलं.

"छान," सर म्हणाले.

मामांना वाटलं, कोणीतरी छातीत गुद्दा मारला. "सर, तुम्हीसुद्धा?"

"छान. छान!" सरांनी डाव्या हाताची मूठ खुर्चीवर आपटली. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ आली होती आणि डोळे असे पेटले होते की मामांना एकदम गॅरेज आठवलं. हा माणूस शिव्या घालत होता. त्याला हवे ते सगळे शब्द आत कुठंतरी कोंडले होते आणि बाहेर यायला हा एकच, आयुष्यभर ज्याचा तिरस्कार केला तो. एवढा अन्याय करायला कोणाची हिंमत झाली, ते मामांना कळेना. भांडायचं तरी कोणाशी?

त्यांनी डोकं उचलून सरांच्या मांडीवर ठेवलं. मग स्वतःसाठी दुसरी खुर्ची ओढली, सरांकडे पाठ केली आणि तोंड मिटून भिंतीकडे बघत बसले.

मागून आवाज येऊ लागला. "छान… छान…" आणि मग खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. सून "अहो बाबा, काय करताय!" म्हणून धावली. मामांनी मागे न बघता हात वर करून तिला थांबवलं.

आवाज थांबल्यावर ते वळले. गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत नखांचे खोल ओरखडे होते. सरांच्या नखांत पांढरा चुरा भरला होता. मामा वाकले, तसा सरांनी त्यांचा उजवा हात धरला, उताणा करून खुर्चीच्या हातावर टेकवला आणि तळहातावर सणसणीत चापट मारली. आणखी एक मारली.

तेव्हा कुठं मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. सर पूर्वी ओरडायचेच, "मामा, हा तळहात आहे की इस्त्री? हाडं कुठं गेली?" वर्षानुवर्षांची ती बोलणी लोकांच्या कौतुकात कधी विरघळून गेली, पत्ताच लागला नव्हता. घातलं होतं मामांनी बायकोच्या तोंडाला प्लास्टर! कुठं कडा राहू नये, कोणाला टोचू नये, अशा बेतानं.

"सर," मामा म्हणाले, "इतक्या वेळा छान म्हणालात. आता बादल्या धुवाव्या लागतील."

सर हसले. अर्ध्याच तोंडानं हसले आणि हसता हसता रडायला लागले. मामाही रडले. सून दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती, तिला यातलं काही कळलं नाही.

घरी आल्यावर मामांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली. "बस समोर."

"आता का? मला काय कळतं त्यातलं?" बायकोनं टोमणा मारलाच. पण बसली.

मामांनी उजव्या तळहाताला बँडेज गुंडाळलं, जाड, म्हणजे त्याला चोळता येणार नाही. मग कानस घेतली, पटाशी घेतली. प्लास्टरचा चुरा दिवसभर जमिनीवर पडत राहिला. आत गेलेला गाल आला. लहानपणी पडून हनुवटीला झालेली खाच आली. भुवयांच्या मधली उभी रेघ आली, जी बहुतेक मामांमुळेच पडली होती. बायको कंटाळली, चिडली, पाठ दुखते म्हणाली. ते चिडणंही त्यांनी सोडलं नाही. सगळीकडे पटाशीचे वळ तसेच ठेवले.

सोमवारी हॉलमध्ये कापड बाजूला झालं. टाळ्या वाजायला लागल्या आणि मधेच विरल्या. मेट्रनबाईंनी पर्समधून उगाचच रुमाल काढला. छान कोणीच म्हटलं नाही.

"मामा, हे काय करून ठेवलंत?" मोठे डॉक्टर आवाज दाबून म्हणाले. "शनिवारी चांगलं होतं की!"

"ही बाई भांडायला उठल्यासारखी दिसतेय," मॅडम म्हणाल्या.

मामा झटकन त्यांच्याकडे वळले. "कुठं? भुवयांमुळे वाटतंय की जबड्यामुळे?"

"तसं नाही हो… इथं पेशंट येणार, त्यांना प्रसन्न वाटायला हवं."

"परत गुळगुळीत करून देता येईल का?" डॉक्टरांनी विचारलं. "मागच्यासारखं?"

"नाही."

"अहो, एका छंदापायी एवढा हट्ट?"

"छंद नाही तो!" मामांचा आवाज हॉलभर घुमला आणि क्रोशावाल्या सिस्टरनं दचकून मागे पाहिलं. "मी पाय वाकडा बांधला, तर छान म्हणाल का, साहेब? माझी चामडी लोळवाल. मग याच्याकडे एकदा तरी तसं बघा ना! वाईट आहे म्हणा, कुठं वाईट आहे ते दाखवा. लहान पोराच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं काय करता?"

फोटोवाला कॅमेरा खाली धरून उभा होता. मामांनी डोकं उचललं, छातीशी धरलं आणि जुन्या इमारतीकडे चालू लागले. मागे त्या जागेवर कोणीतरी कुंडीतलं प्लास्टिकचं झाड आणून ठेवलं. ते सगळ्यांना आवडलं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. हॉलमध्ये झाडाकडे एक नजर टाकून ती सरळ प्लास्टररूममध्ये आली. रोलच्या खोक्यांशेजारी फळीवर तिचं डोकं ठेवलेलं होतं. मामा बादली विसळत होते.

ती डोक्यासमोर उभी राहिली. आधी हनुवटीकडे पाहिलं, मग गालाकडे. आपल्या गालाला हात लावून पाहिला.

"हनुवटी आता माझी झाली," ती म्हणाली. "पण कान कोणाचा आहे, देव जाणे."

मामांचा हात थांबला. "चुकलाय?"

"अजून पण बरंच आहे. बोलू? की मला काय कळतं त्यातलं?"

मामांनी बादली पालथी घातली. हात पुसले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तिच्याकडे पाठ करून त्यावर बसले आणि भिंतीकडे बघू लागले.

"अहो, रागावलात का?"

मामा गप्प राहिले. तळहात आपोआप मांडी चोळायला लागला होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

तिनं डबा खाली ठेवला आणि कानापासून सुरुवात केली.