उलट्या बाजूने शिवलेला सातवा खंड

मी एक जुना खंड आहे, सातवा. मित्रांनो, माझ्या आधीचे सहा आणि नंतरचे चार भाऊ एका मुलीच्या कपाटात ताठ उभे होते. मी मात्र तिच्या बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात, गोंदाच्या डब्यामागे पडून राहिलो.

माझ्यात किमयेची गोष्ट आहे, मांगा म्हणजे जपानी चित्रकथेच्या रूपात सांगितलेली. अशी पुस्तकं उजवीकडून उघडतात आणि चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. एक किमयागार स्वतःवरच प्रयोग करतो आणि हळूहळू काचेचा होऊ लागतो. त्याची शिष्या त्याला शोधत हिंडते. माझ्या मधोमध, समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच मोठं चित्र आहे. दोघं हात पसरून एकमेकांकडे धावताहेत आणि त्यांची बोटं बरोबर बांधणीपाशी टेकताहेत.

मुलगी त्या चित्रापाशी दर वेळी थांबायची. तिच्या मैत्रिणीही थांबायच्या. एकीचं आसू तिथे पडलं, त्याचा डाग अजून आहे. हातोहाती फिरून माझी पानं सुटली.

"बाबा, एवढं नीट करून द्या ना," असं म्हणून ती मला दुकानात ठेवून घाईघाईने कॉलेजला गेली.

बाबांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "छापखान्यातले झोपेत होते की काय? बांधणी भलत्याच बाजूला!" त्यांनी माझी जुनी कड गोंदासकट कापून टाकली, मला दुसऱ्या बाजूने पक्कं शिवलं आणि वर निळा कापडी पट्टा लावला. इतकं देखणं मी कधीच नव्हतो.

मुलीने मला उघडलं. शिष्या आणि किमयागार आता एकमेकांकडे पाठ करून बाहेरच्या कडांकडे पळत होते.

"अहो बाबा, काय केलंत हे!"

"का? जन्मात सुटणार नाही आता."

"उलट्या बाजूने शिवलंत! पार वाट लावलीत."

तिने नवा सातवा खंड विकत आणला.

बाबांनी मात्र मला जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं, सगळ्या चौकटी डावीकडून उजवीकडे. "यातली माणसं आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात," ते घरी मला दाखवत म्हणाले. "थेट आपल्या घरासारखं." मुलगी हसली नाही. मग त्यांनी ते चित्र उघडलं. "पण यांचं एवढं कशावरून बिनसलं गं? एकदम पाठ का फिरवली?"

"सांगेन कधीतरी."

मी पुन्हा दुकानात आलो. बाबा अधूनमधून ते पान काढून बघत बसायचे. त्यांना हवं ते उत्तर माझ्याच पोटात होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. फोनवर औषधांचं, जेवणाचं बोलणं व्हायचं. माझा विषय कधी निघालाच नाही. आणि मग एकदा दुकानाचं शटर खाली आलं, ते बाबांच्या हातून पुन्हा वर गेलंच नाही.

ते पुन्हा उघडलं तेव्हा आत्या आणि मुलगी आवराआवर करायला आल्या होत्या.

"या चित्रांच्या बाडाचं काय करायचं? रद्दीत?"

"थांब, आत्या."

तिने ते चित्र काढलं. दोन्ही पानांच्या बाहेरच्या कडा वर उचलल्या, वळवून एकमेकींजवळ आणल्या आणि वरून आत डोकावली. ते दोघं पुन्हा समोरासमोर आले. पण हात टेकले नाहीत. बोटांची टोकं कापलेल्या कडेबरोबर केव्हाच गेली होती.

"भांडले नव्हते हो, बाबा," ती म्हणाली.

आत्या पाठमोरी होऊन उगाच सुतळी गुंडाळत राहिली.

मित्रांनो, पुस्तक दुरुस्तीला देताना घाई करू नका, ते कसं वाचायचं हे दोन शब्दांत सांगा. आणि आपल्या माणसाने गोष्ट विचारली, तर ती तेव्हाच सांगा. आता कपाटात दोन सातवे खंड आहेत. नव्यातली बोटं टेकलेली आहेत. मुलगी मात्र मला काढते, त्या कडा जवळ आणते आणि तशाच धरून बसते. इतकी ओढाताण होते, तरी बाबांची शिवण कुठेही सैल झालेली नाही.