पारासमोर बूट

पाय माझा, ब्रेकही मीच दाबायचा, पण ट्रॅक्टरची चावी मात्र मामाजींच्या खिशात. मामाजी म्हणजे माझे सासरे, नारायणराव. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण अंगातली कोपरी कडक आणि जीभ त्याहून कडक. त्या कोपरीच्या खिशात चावी जाऊन आठवडा होत आला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हती.

झालं होतं एवढंच, की वांग्यांचे क्रेट घेऊन मी खामगावच्या बाजाराला निघाले होते. नाल्याच्या वळणावर समोर शेळ्या आल्या. ब्रेक दाबायला गेले, तर पायातली चप्पल निसटून ब्रेकखाली अडकली. मी दाबतेय आणि ब्रेक काही दबेना. शेवटी स्टिअरिंग फिरवून ट्रॅक्टर बोरीच्या कुंपणात घातला. शेळ्या वाचल्या, मी वाचले, ट्रॅक्टरला धड ओरखडाही नाही. वांगी तेवढी नाल्यात गेली. पण गावाला निमित्तच हवं होतं. मी घरी पोचायच्या आत साऱ्या पिंपळगाव राजा गावात झालं होतं, की उकंडरावच्या बायकोने ट्रॅक्टर उलटवला!

उकंडराव म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, अजून तरी काही बिघडलेलं नाही. त्यांच्या मणक्याची गादी सरकली आणि डॉक्टरने ट्रॅक्टरवर बसणं बंद केलं, तेव्हा घरात एकच चर्चा, आता ड्रायव्हर कुठून आणायचा. भाड्याचा ड्रायव्हर आज येतो, उद्या येत नाही, आणि मेथी काही त्याची वाट पाहत थांबत नाही. मी म्हटलं, मला शिकवा. बांधावर खुर्ची टाकून त्यांनी तोंडाने शिकवलं, रिकाम्या वावरात मी हातपायांनी शिकले. आता नांगरटी माझी, वखरणी माझी, बाजार माझा. साडीवर उकंडरावांचा जुना शर्ट चढवून मी ट्रॅक्टरवर बसते, तेव्हा मला माझं शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं. इतकी वर्षं वाकून निंदताना मला फक्त माझी ओळ दिसायची.

आणि आता मामाजींचा निकाल आला होता.

"चप्पल घालून ट्रॅक्टर हाकते! पायात धड काही येईन तवा ये चावी मांगाले. तोवर डायवर लावा."

मला रडू आलं नाही, राग आला. चावी परत मिळाली नाही, तर मी पुन्हा डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहणारी, येणाऱ्या गाडीला हात करणारी बाई होणार होते. ते मला नको होतं. पायात धड काही हवं ना? आणते म्हटलं.

माझी मुलगी दीपमाला सुट्टीला घरी आली होती. ती संभाजीनगरला कारखान्यात मशीनवर आहे, तिथे दिवसभर बूट घालते. ती म्हणाली, "आई, लेसचे बूट नोको घेऊ. लेस सुटली तं ब्रेकखाली पुन्हा तेच होईन. ओढून घालायचे घे, कातड्याचे. रोज घातले तरी मरत नाहीत ते."

आता आमच्या घरात पायताण घ्यायची एक रीत आहे, ती सांगायला हवी. दिवाळीआधी मामाजी सगळ्यांचे पाय सुतळीने मोजतात. ज्याची त्याची सुतळी वेगळी, ओळखायला गाठी वेगळ्या. तो जुडगा कोपरीत घालून ते एकटे खामगावला जातात आणि साऱ्या घराच्या चपला घेऊन येतात. सुतळी भरते त्यावर प्रत्येकाला एक बोट जास्त. पोरांचे पाय वाढतात म्हणून कधीतरी सुरू झालं असेल. पुढे ते म्हाताऱ्यांनाही लागू झालं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या पायाने चपलेचं दुकान पाहिलेलं नव्हतं, माझ्या सुतळीने मात्र दरसाल पाहिलं होतं.

त्यामुळे संध्याकाळी खामगावात हरिओमच्या बूट-चपलांच्या दुकानात शिरताना माझ्या पिशवीत सुतळी होतीच. संध्याकाळची वेळ दीपमालाने ठरवली होती. दिवसभर राबून पाय फुगलेला असतो, बूट तेव्हाच बघावा म्हणून. हरिओमने सुतळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, पाय संगच आनला ना? मंग हे काऊन?"

मी गुपचूप सुतळी पिशवीत टाकली. त्याने बायकांचे बूट काढले. सगळे पुढे निमुळते. माझा पाय जन्मभर काळ्या मातीत अनवाणी फिरलेला, पाचही बोटं मोकळी पसरलेली. तो पाय त्या बुटात जाईना. वरून बोटात जोडवी. अर्धा पाय आत गेला आणि जोडवं शेजारच्या बोटात असं रुतलं, की मी तिथेच "आई गं" केलं.

"जोडवे काढून पाह्यता काय?" हरिओम म्हणाला.

"दादा, बूट बदल. जोडवे नाही निघत."

जरा जोरातच बोलले असेन, कारण शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. पण मला सांगा, बूट पायासाठी असतो की पाय बुटासाठी? दीपमाला हसत म्हणाली, "मानसांचे दाखवा भाऊ. सगळ्यात लहान मापाचे, पुढून गोल."

मग तो जोड बाहेर आला. काळं जाड कातडं, पुढून गोल आणि उंच, लेस नाही. पायाच्या उंचवट्यावर एक पट्टा आणि बकल, वर पोटरीकडे दुसरा. याला इंजिनिअर बूट म्हणतात, हरिओमने सांगितलं. पूर्वी रेल्वेच्या इंजिनावर राबणारे लोक घालायचे म्हणे, निखाऱ्यापासून पाय वाचावा म्हणून. दोन उंचीचे होते. उंचवाला घालून मी बसले तर गुडघ्यामागे काचायला लागला. क्लच दाबताना पाय वाकणार कसा? म्हणून आखूड घेतला.

"एक बोट वाढवून दे," मी म्हटलं.

"ताई, हा बराबर बसते तुमाले. मोठा कायले?"

"आमच्या घरची रीत हाय. दे."

त्याने दिला. पाय सहज आत गेला, बोटं मोकळी, जोडवी मोकळी. दुकानात चार पावलं चालले. आरशात पाहिलं तर साडीखाली ते काळे बूट असे शोभत होते, की मीच माझ्याकडे वळून बघितलं. दीपमाला काहीच बोलेना. ती बोलत नाही तेव्हा काहीतरी चुकतंय, हे आईला कळतं.

दुकानासमोर हरिओमची मोटरसायकल उभी होती. मी साडी सावरली आणि सरळ तिच्यावर जाऊन बसले. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत. उजव्या पायाने ब्रेक दाबला. आतला पाय आधी पुढे गेला, बूट मागून आला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. टाच आतल्या आत उचलत होती.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाल्याच्या वळणावर चप्पलही अशीच मागे राहिली होती. ती चप्पल कोणी आणली होती? मामाजींनी. केवढी? एक बोट जास्त! वांगी गेली, चावी गेली, गावभर नाव झालं, आणि ते सगळं त्या एका बोटापायी. मी मोटरसायकलवर बसूनच इतकी चिडले, की हरिओमला वाटलं त्याचंच काही चुकलं.

"बराबर मापाचा आन," मी म्हटलं.

बरोबर मापाचा जाता जाईना. दोन्ही हातांनी वरची कड धरून ओढला, उठून पाय आपटला, तेव्हा कुठे टाच तळाला बसली. पण बसली ती बसलीच. उंचवट्यावर घट्ट, पुढे बोटं मोकळी. टोक उंच असल्यामुळे जोडवी कशालाच लागेनात. पट्टा एक भोक आवळला. कातडं लांबीला वाढत नाही, रुंदीला तेवढं सैल होतं, हरिओम म्हणाला. ब्रेक दाबला. पाय आणि बूट एकदम गेले.

"पन सुरुवातीले काढाले पायरी लागन," तो म्हणाला. "टाच पायरीच्या कडेले अडकवायची अन् पाय वरतं ओढायचा. हातानं नाही निघत."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव आणि दीपमालाने क्रेट भरले. मी जाड मोजे चढवले, बूट चढवले, चावी मागायला माजघरात गेले, तर मामाजी घरात नव्हते.

"आबा पारावर गेले," उकंडराव म्हणाले. "आले की मांगजो."

"बाजार काय आबासाठी थांबन?"

"अव, पन पारावर... बुटात?"

ते अर्ध्यावर थांबले, कारण पुढचं मलाही माहीत होतं. आमच्याकडे मारुतीच्या पारावर वडीलधारी माणसं बसलेली असली, की सुनांनी चपला हातात घेऊन जायचं. आताच्या पोरी नाही करत, त्यांना कोणी म्हणतही नाही. पण आमच्या भावकीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या बाया अजून करतात. पार आला की हात आपोआप खाली जातो. मीसुद्धा ठरवलं होतं, की पाराच्या कोपऱ्यावर बूट काढू, अनवाणी जाऊन चावी घेऊ, परत येऊन घालू.

कोपऱ्यावर निंबाखाली मी उभी राहिले आणि वाकून बूट ओढला. तो हलला नाही. एका पायावर उभी राहून दोन्ही हातांनी ओढला. मीच पडता पडता राहिले. पायरी पाहिजे, हरिओम म्हणाला होता. आजूबाजूला पाहिलं. तिथे पायरी एकच होती, मारुतीच्या पाराची. आता देवाच्या पायरीला टाच अडकवून बूट काढू?

पारावर चारपाच म्हातारे होते. सगळे माझा तो नाच बघत होते. मामाजी मधोमध बसलेले. आता मागे फिरले असते तर चावी गेली असती, आणि चावीबरोबर बाकीचंही सगळं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि चालत गेले. बुटांचा आवाज आला, खाड, खाड. त्या रस्त्यावर माझ्या पावलाला पहिल्यांदाच आवाज होता.

"मामाजी, पायात धड आनलं," मी म्हटलं. "चावी देता काय?"

मग निवृत्ती म्हातारा, मामाजींचा चुलतभाऊ, खाकरला. "काय नारायनराव, सून पारासमोर बुटात आली?"

मामाजी काठी टेकत पारावरून उतरले. माझ्यासमोर आले. आणि वाकले. घरात आल्यापासून मी या माणसाच्या पाया पडत आले होते, आणि आज ते चार माणसांत माझ्या पायाशी वाकले होते. मी मागे सरकायला लागले.

"हालू नोको," ते म्हणाले.

घरात बैल होते तेव्हा नाल मारून झाली, की प्रत्येक खुराला मामाजी स्वतः असाच अंगठा दाबून पाहायचे. नाल सैल वाटली तर पुन्हा मारायला लावायचे. त्यांनी बुटाचं टोक दाबलं.

"अंगठा हालव."

मी हलवला.

"एक बोट कुठी हाय?"

राग अजून शिल्लक होता, तो कामाला आला. "एक बोट नाही, मामाजी. त्या एका बोटानंच चप्पल ब्रेकखाली गेली."

निवृत्तीने जीभ चावली. मामाजी वाकलेलेच होते. त्यांनी टाचेमागे हात नेला, बूट हलवून पाहिला. तो हलला नाही. पुन्हा एकदा जोर लावला. मग काठीवर भार देऊन सावकाश उठले.

"हाव," ते म्हणाले. "नालेले कोनी बोट सोडत नाही."

"अन् पाराचं काय?" निवृत्ती म्हणाला.

मामाजींनी वळूनही पाहिलं नाही. "कामाले निघालेल्या बैलाची नाल पारासमोर काढते काय रे कोनी?"

आमच्या घरात बैलापेक्षा मोठी पदवी नाही. ती मामाजींनी पोटच्या मुलालाही कधी दिली नव्हती. त्यांनी कोपरीतून चावी काढून माझ्या हातावर ठेवली, आणि मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "जाय आता. वांगे वाळून राह्यले."

मी घरी येऊन ट्रॅक्टर काढला. दीपमाला मागे क्रेटजवळ बसली. बाजाराचा रस्ता पारावरूनच जातो. आज रस्ता साफ होता, ना शेळी ना वळण. तरी पारासमोर आल्यावर मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला.

"काय झालं व?" मामाजींनी विचारलं.

"काही नाही, मामाजी," मी म्हटलं. "दाखवलं."