सबंध गोळी

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला, तेव्हाच राहीबाईनं काय ते ओळखलं. बातमी चांगली असली की डॉक्टर धनश्री कागद हातात धरूनच बोलायच्या, हे दीड वर्षात तिला पाठ झालं होतं. शेजारी नवरा भीमा खुर्चीच्या टोकावर बसला होता.

दीड वर्षापूर्वी नगरच्या याच दवाखान्यात तिला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. धनश्रीबाई मूळच्या नेवाशाच्या, ऊसतोडीच्या माणसाला कळेल असं सांगायच्या. "पेशीला वाढ म्हणून निरोप येतो, काम झालं की थांब म्हणूनही येतो. तुमच्या पांढऱ्या पेशींत मुकादम चोवीस तास हाळी घालतोय, थांब म्हणतच नाही. ही गोळी त्याच्या तोंडावर हात ठेवते. हात काढला की तो पुन्हा सुरू. म्हणून रोज एक, जेवणावर, सबंध." राहीबाईला हे इतकं पटलं, की तिसगावच्या बाजारात भेटेल त्याला ती आपल्या रक्तातल्या मुकादमाची गोष्ट सांगत सुटायची. गोळीनं तो गप्पही बसला होता, अगदी गेल्या दसऱ्यापर्यंत.

ऊसतोडीहून परत आल्यावर तपासलं, तर रोगाचा आकडा दहापट चढलेला. त्याला आता तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "गोळी चुकली का कधी?" आणि राहीबाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "येक दिवस न्हाई." ते खोटं नव्हतं, पण ते खरंही नव्हतं. डॉक्टरबाईंनी आणखी रक्त घेऊन दोन तपासण्यांना पाठवलं होतं, आणि राहीबाईची झोप उडाली होती.

टोळीत त्यांच्या शेजारची पाचटाची कोपी कडूबाईची. तिलाही हाच रोग, हंगामाच्या तोंडावर याच दवाखान्यात निघालेला. फुकट गोळ्यांच्या कार्डासाठी कागद घेऊन आठ दिवसांनी या, असं खिडकीवर सांगितलं, आणि टोळीचा टेम्पो निघाला तिसऱ्या दिवशी. ती मागं राहिली असती तर नवऱ्याचा कोयता मोडला असता, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाला कुठलाच मुकादम कोयता म्हणत नाही. कडूबाई तशीच टेम्पोत चढली.

उसाच्या फडात दुपारी सगळ्या बायकांची भाकरी एकाच फडक्यावर यायची. चटणी, पाणी, सरपण, सगळं वाटून. तोंड फिरवून एकटी खाणाऱ्या बाईला टोळी हंगामभर नावं ठेवते. पहिल्या दुपारी राहीबाईनं जेवण झाल्यावर गोळी काढली. कडूबाई त्या गोळीकडं बघत राहिली. राहीबाईच्या घशाखाली गोळी कशी उतरणार? तिनं ती कोयत्याच्या धारेवर ठेवली, अंगठ्यानं दाबली आणि निम्मी पुढं केली. बाप्ये लांब बांधावर जेवायला बसायचे, त्यांना पत्ता नव्हता. हे सहा महिने चाललं, आणि गावी परतल्यावरही सुटलं नाही, कारण कडूबाईचं कार्ड अजून झालंच नव्हतं. खरं सांगायचं तर राहीबाईला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं.

आता ते कौतुक पार आटलं होतं. बोलावं तर कडूबाईची निम्मी गोळी बंद होणार, म्हणजे बाई मरणार. न बोलावं तर आपण.

"पेशीत गोळी जिथं बसते ती जागा बदललेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे ही गोळी तुम्हाला अजून लागू आहे. पण रक्तात औषध निम्मंच सापडलंय." मग त्या भीमाकडं वळल्या. "गोळ्या दर महिन्याला तुम्ही नेल्यात. बाकीच्या कुठं गेल्या? विकल्यात?"

भीमानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हाच माणूस दर महिन्याला फड सोडून, दोन एसट्या बदलून, मुकादमाच्या शिव्या खाऊन गोळ्या आणत होता. "म्या?" एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. राहीबाईला ते बघवेना.

"त्येंला काय ठावं न्हाई, म्याडम," ती म्हणाली. "म्या दिल्या. रोज निम्मी. आमच्या कडूआक्काला बी ह्योच रोग हाय."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"निम्म्या गोळीनं मुकादमाचा नुसता आवाज दबतो," त्या म्हणाल्या. "आणि तेवढ्या मुदतीत काही पेशी गोळीला चुकवायला शिकतात. तुमच्या शिकल्या नाहीत, नशीब. तिच्या शिकल्या असतील, तर आता सबंध देऊनही उपयोग होणार नाही."

"मंग म्या तिचं वाटुळं केलं?"

"रक्त बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कुठं आहे ती?"

"भाईर बाकड्यावर. दुपारच्या गोळीसाठी संगंच आनली."

कडूबाईला आत बोलावलं, तिचं रक्त घेतलं. कार्डाचे कागद डॉक्टरबाईंनी स्वतः खिडकीवर जाऊन लावले. तिलाही त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत तिनं कुठलीच गोळी घ्यायची नव्हती, आणि राहीबाईनं एकही मोडायची नव्हती.

दुपारी तिघं बाकड्यावर बसली. कडूबाईनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा नेहमीसारखा राहीबाईला दिला. गोळी जेवणावर घ्यायची म्हणून राहीबाईनं भाकरी संपवली.

मग तिनं गोळी काढली. त्याबरोबर कडूबाईचा हात सवयीनं पुढं आला, तळवा उघडा.

भीमानं मान दुसरीकडं फिरवली. राहीबाईचे डोळे भरून आले, आणि गोळी बोटांत तशीच राहिली.

कडूबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. मग त्याच हातानं पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि राहीबाईच्या पुढं धरली.

"गिळ," ती म्हणाली. "सबंध गिळ. म्या पानी धरते."