ओपलसाठी चाळीस दिवस

ओपल स्ट्रिकलरसाठी आपण एक दिवस लोकांपुढे हात पसरू, असं कुणी व्हर्ना केसिंजरला सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. पण शाळेत शिक्षक संघटनेची प्रतिनिधी तीच, त्यामुळे ओपलचा रजेचा कागद तिच्याच टेबलावर येऊन पडला.

दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या ओपलला कर्करोग झाला होता. उपचारांचे अजून चाळीस कामाचे दिवस बाकी होते आणि तिची आजारपणाची रजा शुक्रवारी संपत होती. रजा संपली की पगार बंद, पगार बंद की विमा बंद, आणि विमा बंद म्हणजे औषध बंद. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या दरीत हे चौथीतलं पोरसुद्धा घडाघडा सांगेल. वाट एकच होती. ज्याची रजा शिल्लक आहे त्याने आपले एक-दोन दिवस आजारी सहकाऱ्याला द्यायचे. ही सोय संघटनेने भांडून मिळवली होती, आणि ओपल संघटनेत नव्हती.

शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "या बाई तुमच्या सदस्य तरी आहेत का?"

"त्या या शाळेच्या शिक्षिका आहेत," व्हर्ना म्हणाली. "करारात 'शिक्षक' असं लिहिलंय, साहेब. 'व्हर्नाला आवडणारे शिक्षक' असं नाही. वाचून दाखवू?"

वाचून दाखवायची वेळ आली नाही. साहेबांनी परवानगीचा शिक्का मारला. पायऱ्या उतरताना व्हर्नाला साहेबांपेक्षा स्वतःचाच राग येत होता.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका वर्गात कोंबलेल्या सदतीस मुलांसाठी सगळी शाळा सात दिवस संपावर गेली होती. शिक्षक फाटकाशी बर्फात उभे होते, पिंपात लाकडं जळत होती. आणि रोज सकाळी पावणेआठला ओपलची हिरवी गाडी त्यांच्यामधून आत जायची. मान ताठ, नजर समोर. ओपल, जिच्याबरोबर व्हर्ना बारा वर्षं एका टेबलावर डबा खात होती! त्यानंतर दोघींत 'गुड मॉर्निंग'पलीकडे शब्द गेला नाही.

"तुम्ही आणि ओपलबाईंसाठी?" शाळेचा सफाई कामगार ड्वाइट झाडूवर रेलून म्हणाला. "आज सूर्य कुठून उगवलाय, बघून येतो."

"चिठ्ठी लिही आणि गप्प बस."

"बसू कुठे? संपात तुम्ही ती निळी खुर्ची अडवून ठेवली होती. सात दिवस मला टेकू दिलं नाही. माझी पाठ तेव्हापासून गेली आहे."

"तुझी पाठ आळसाने गेली आहे. किती दिवस देतोस?"

"चार," ड्वाइट म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, हा संघटनेचा दंडक. घेणाऱ्याला उपकाराचं ओझं वाटू नये म्हणून नुसतं 'इतके दिवस' असं लिहायचं. नावांची यादी प्रतिनिधीकडे. बुधवारपर्यंत लिफाफ्यात तेहेतीस दिवस जमले. व्हर्नाने यादी तीनदा तपासली, सात काही कुठून येईनात. मग तिने दार लोटून घेतलं, एक कोरी चिठ्ठी ओढली आणि कुणी चोरी पकडेल अशा घाईने आपले सात दिवस लिहून लिफाफ्यात कोंबले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती ओपलच्या घरी गेली. दिवस घेणाऱ्याचीही सही लागते. ओपलने दार उघडलं. डोक्याला रुमाल, अंगावरचा स्वेटर दोन मापांनी मोठा झालेला. काय बोलायचं ते सगळं व्हर्नाने वाटेत पाठ केलं होतं, ते ती विसरली.

"घेवड्याचं सूप आहे," ओपल म्हणाली. "बस."

सूप वाढून झाल्यावर तिने फॉर्म वाचला आणि परत सरकवला. "हे मला नको."

"ओपल, उद्या चारपर्यंत द्यायचाय."

"मी तुमच्या मधून गाडी घातली होती, व्हर्ना. आता तुमच्याच रजेवर जगू? इतकी निर्लज्ज नाही मी."

"मग या चिठ्ठ्या मी परत कुणाला करू? नावं तरी आहेत का यांच्यावर?" असं म्हणून व्हर्नाने चिडून सगळा लिफाफा टेबलावर उपडा केला.

एवढंच तिचं चुकलं. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षर गिरवायला शिकवलेल्या बाईपुढे तिने बिननावाच्या चिठ्ठ्या ओतल्या होत्या.

ओपलने सवयीने चष्मा लावला. एक चिठ्ठी उचलली. "ही केल्सी, माझ्याच वर्गातली. आता स्वतः शिकवते. तरी हिच्या अक्षरांच्या शेपट्या अजून ओळीबाहेर जातात. वर्षभर डोकं फोडलं मी." दुसरी उचलली. "हा ड्वाइट. सगळी अक्षरं वारा लागल्यासारखी एकीकडे कललेली. चार दिवस? अगं, याची स्वतःची पाठ दुखते ना?" तिचा आवाज बारीक होत गेला. एकेक चिठ्ठी ती हाताने सपाट करून ओळीत मांडत होती, वर्गात वह्या मांडाव्यात तशी. मग एका चिठ्ठीशी थांबली.

व्हर्ना खिडकीबाहेर बघू लागली. ती काही ओपलची विद्यार्थिनी नव्हती, तिचं अक्षर ओळखायचं कारण नव्हतं.

"सातच्या आकड्याच्या पोटातून आडवी रेघ," ओपल म्हणाली. "संपात तुझ्या फलकावर होती. 'एका वर्गात 37 मुलं.' सातही दिवस सकाळी वाचला मी तो. गाडीच्या काचेतून."

"तू बघितलंस? तू तर मानही वळवत नव्हतीस!"

"डोळे वळवायचे. घाबरले होते गं मी. नोकरी जाईल, घर जाईल, सगळं जाईल असं वाटायचं. रोज ठरवायचे, आज गाडी थांबवायची. आणि रोज पाय ब्रेकवर जायचाच नाही." तिने डोळे पुसले. "एक विचारू? शेकोटीपाशी एक निळी खुर्ची होती. सात दिवस तिच्यावर कुणी बसलं नाही. ती कुणाची होती?"

व्हर्नाने हे नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. राग तिने एकोणीस वर्षं चारचौघांत मिरवला होता, आणि खुर्ची तेवढी लपवली होती.

"तुझी," ती म्हणाली. "तुझी होती, वेडे. कर आता सही."

ओपलने सही केली, आपल्या सुरेख, गोल अक्षरात. मग दोघींनी गार झालेलं सूप पुन्हा गरम केलं.