जंतूंचं घराणं शोधणारा म्हातारबा

मित्रांनो, मी एक जुना, कुरकुरणारा यंत्रबुवा आहे. प्रयोगशाळेत मला सगळे म्हातारबा म्हणतात. जंतूंच्या डीएनएच्या ढीगभर प्रती काढणं हे माझं काम. त्यासाठी मी तापतो, निवतो, पुन्हा तापतो. मग त्या प्रतींचे जेलवर उमटलेले पट्टे शेजारी शेजारी लावून आमच्या ताई जंतूंचं घराणं ओळखतात. एका आडनावाची सगळी माणसं एकाच घरातली नसतात ना, जंतूंचंही तसंच असतं.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक. आता माझ्या गरम झाकणावर जेवणाचे डबे ठेवतात. कुरकुर करून थकलो, पण ऐकतो कोण?

मध्यंतरी शेजारच्या इस्पितळात तान्ही बाळं तापाने फणफणू लागली. एक दगावलं. बाळांच्या रक्तात जो जंतू होता, त्याच नावाचा जंतू नव्या नर्सच्या हातावर सापडला. झालं, मोठ्या डॉक्टरांनी तिच्यावर ठपका ठेवून तिला घरी बसवलं. आमच्याकडे नमुने आले ते फक्त तिचे आणि बाळांचे. अहो, वॉर्डात दुसरं काहीच नव्हतं का?

मी मुकाट्याने प्रती काढल्या. सगळ्या बाळांच्या जंतूचं घराणं एकच निघालं, तिच्या हातावरच्याचं निराळं. तेवढ्यात आणखी एक बाळ तापल्याचं कळलं. ताईंनी तडक डॉक्टरांना फोन लावला.

"वॉर्डातलं सगळं तपासायचंय. नळ, पाळणे, दुधाच्या बाटल्या गरम करायचं भांडंसुद्धा."

"अहो, त्यात गरम पाणी असतं. त्यात कसला जंतू?"

"गरम नाही, कोमट असतं. पाठवा तुम्ही."

रोज तापण्यानिवण्यात जन्म गेलेल्या मला विचारा, कोमट पाणी म्हणजे जंतूंचं माहेर. त्या भांड्यात दिवसभर तेच पाणी, आणि प्रत्येक बाळाची बाटली त्यातच बुडवायची. नमुना आला त्याच दिवशी पट्टे निघाले आणि बाळांच्या पट्ट्यांशी हुबेहूब जुळले. भांडं काढून टाकलं. त्यानंतर एकही नवं बाळ आजारी पडलं नाही.

नर्सला कामावर परत बोलावलं. ती ताईंना भेटायला आली, तेव्हा ताईंनी तिला ते पट्टे दाखवले. तिने मान डोलावली. आल्या आल्या हात धुतले होतेच, जाताना पुन्हा बेसिनपाशी गेली आणि कितीतरी वेळ चोळत राहिली.

मित्रांनो, झाकणावर डबे ठेवू नका, एवढंच सांगायला बसलो होतो. ते राहू द्या, ठेवा डबे. फक्त आधी सगळे नमुने पाठवा, बोट मग दाखवा. दोष तिच्या हातांचा नव्हता हे आता अख्ख्या वॉर्डाला पटलंय. तिला अजून पटत नाही.